मुलांच्या सरकारी विम्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. तो ‘हो’ नेमका कशाला असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात ओळखीच्या कुणाही पालकाला विचारलं की लहान मुलांसाठी सरकारी आरोग्य विमा वाढवावा का, तर उत्तर ‘हो’ असंच येतं. मग लोकांना हे खरंच हवंय का? हवंय तर होत का नाही? अमेरिकेत मुलांसाठी वेगळा सरकारी विमा आहे, तसं इथे चालेल का? आणि ज्यांच्या घरात आत्ता आजारी मूल आहे, त्यांनी तोवर काय करायचं?

मी पुण्यातल्या रुग्णालयांत, मुलांच्या वॉर्डात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करत आले आहे. बिलाच्या खिडकीपासून योजनेच्या टेबलापर्यंत आईबापांबरोबर जायचं, कागद जुळवायचे, कमी पडलेले पैसे कुठून उभे राहतील ते बघायचं, हे माझं रोजचं काम. उत्तर त्या कामातून आलेलं आहे.

लोकांचा ‘हो’ खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. फक्त विचारणाऱ्याच्या मनात विमा म्हणजे पाच लाखांचं कार्ड असतं, आणि उत्तर देणाऱ्या आईच्या डोळ्यांसमोर गेल्या महिन्यात औषधांच्या दुकानात गेलेले पैसे असतात. आजच्या योजनेत या दोन गोष्टींची गाठ पडत नाही. मुलांचा विमा वाढवायचा असेल तर त्यात काय काय बसतं ते वाढवलं पाहिजे. रक्कम वाढवून मुलांच्या पदरात फारसं काही पडणार नाही. लोकांनाही नीट, खर्चाची विचारपूस करून विचारलं तर बहुतेक जण हेच सांगतात.

आधी आपल्याकडे आहे काय ते पाहू, कारण बऱ्याच पालकांना तेच माहीत नसतं. २०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना काही जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. तेव्हा पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दोन्ही योजना मिळून कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण ठरलं, आणि राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, आणि रेशनकार्ड नसेल पण महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल त्यांनाही योजना खुली झाली. १ जुलै २०२४ पासून ते अमलात आलं.

म्हणजे कागदावर पाहिलं तर महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला आज सरकारी आरोग्य विमा आहे. कोथरूडमध्ये राहणाऱ्या, आईवडील दोघंही नोकरीला असलेल्या मुलालाही आहे. हे सांगितलं की पांढऱ्या कार्डाचे पालक दचकतात. त्यांना वाटत असतं की सरकारी योजना म्हणजे आपल्यासाठी नसणारच. त्यामुळे ‘कुणाला मिळावा’ हा जो वाद टीव्हीवर चालतो, तो निदान आपल्या राज्यात बराचसा मागे पडला आहे. राहिले आहेत ते दोन प्रश्न: कागद नसलेल्यांचं काय, आणि विम्यातून मिळतं काय.

दुसरा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी तो घेते.

ही योजना रुग्ण दाखल झाल्यावर सुरू होते. ठरलेल्या यादीतली शस्त्रक्रिया किंवा उपचार असेल, रुग्णालय योजनेत असेल, आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाने, कागद भरले, वरून प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, आली, की मग पैसे भरावे लागत नाहीत. हृदयाला छिद्र असलेल्या बाळासाठी, ब्लड कॅन्सरच्या मुलासाठी, भाजलेल्या मुलीसाठी ही योजना देवासारखी धावून आलेली मी पाहिली आहे, आणि तिला नावं ठेवणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. पण मुलांचं आजारपण मोठ्यांसारखं नसतं. मोठ्या माणसाला बायपास लागते, गुडघा बदलावा लागतो, मोतीबिंदू काढावा लागतो. एकदा दाखल होऊन उरकायच्या गोष्टी. मुलांचा खर्च बहुतांश दाखल न होता होतो. सारखा ताप, दमा, फिट्स, कमी ऐकू येणं, उशिरा बोलणं, रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली होती. त्यातल्या क्वचित एखाद्याला दाखल करावं लागेल. बाकीच्यांना तपासणी, औषध आणि खाणं लागतं, आणि विमा तिथे गैरहजर असतो.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण टाइप वन मधुमेहाचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हा आजार झाला की जन्मभर इन्सुलिन लागतं, दिवसातून तीन-चारदा. आणि इन्सुलिन किती द्यायचं हे कळण्यासाठी बोटाला टोचून साखर बघावी लागते, तीही किमान चारदा. एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते. दिवसाला चार म्हणजे महिन्याला एकशेवीस पट्ट्या, अठराशे ते चोवीसशे रुपये, फक्त पट्ट्यांचे. इन्सुलिन, सुया, तीन महिन्यांनी करायची एचबीएवनसी ही साखरेची तपासणी, डॉक्टरांची फी हे सगळं वेगळं. धायरीत भाड्याच्या खोलीत राहणारा, टेम्पो चालवणारा बाप हे पहिले तीन-चार महिने कसंबसं करतो. मग चारच्या तीन पट्ट्या होतात, तीनच्या दोन, आणि पुढे ‘बरं वाटतंय ना, मग कशाला टोचायचं’ असं होतं. मी अशा आयांच्या वह्या पाहिल्या आहेत. पहिल्या पानांवर सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार रकाने नेटके भरलेले असतात. पुढे रात्रीचा रकाना रिकामा व्हायला लागतो, मग दुपारचा. वही बघूनच कळतं की घरात पैसे कधी संपले.

आणि एक दिवस ते मूल धापा टाकत, उलट्या करत, अर्धवट शुद्धीत आणलं जातं. कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठणं. आता मात्र योजना हजर होते. अतिदक्षता विभाग, सलाइन, इन्सुलिनचं इन्फ्युजन, सगळं पॅकेजमध्ये बसतं. शंभर टक्के मोफत. चार-पाच दिवसांनी मूल घरी जातं आणि परत त्याच पट्ट्यांचा प्रश्न. सरकारने अतिदक्षता विभागाचे जे पैसे भरले, त्यात किती महिन्यांच्या पट्ट्या आल्या असत्या याचा हिशोब वॉर्डातल्या सिस्टर तोंडी करून दाखवतात. योजनेत काही आजारांसाठी फॉलोअप पॅकेजेस आहेत, पण ती आधी योजनेतून झालेल्या ठरावीक उपचारांच्या पाठोपाठ येणारी. रोजच्या पट्टीला त्यात जागा नाही.

हीच गत फिट्सच्या औषधांची. हीच दम्याच्या पंपाची: पंप परवडत नाही म्हणून बंद होतो आणि मूल नेब्युलायझेशनला रात्री अपरात्री येतं. आणि सगळ्यात वाईट गत थेरपीची. अडीच वर्षांचं मूल बोलत नाही, ऑटिझमचं निदान झालं, की स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं. पुण्यात खासगीत एका सेशनचे पाचशेच्या वर सहज जातात. औंधच्या जिल्हा रुग्णालयात मुलांच्या विकासातल्या अडचणींसाठी सरकारी केंद्र आहे, तिथे पैसे लागत नाहीत आणि तिथली माणसं मनापासून काम करतात. पण हडपसरहून आठवड्यातून तीनदा मूल कडेवर घेऊन, दोन बस बदलून औंधला जाणारी आई घरकामाची नोकरी टिकवू शकत नाही. तिचा बुडालेला रोज कुठल्याच योजनेत मोजला जात नाही.

म्हणून मी म्हणते की आईने दिलेला ‘हो’ पाच लाखांना नसतो. पाच लाखांचे दहा लाख केले तर अशा कुठल्याच आईला एक रुपया जास्त मिळणार नाही.

आता मताचा भाग. माझ्यासमोर येणारे पालक ढोबळमानाने चार तऱ्हेने बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यामागची कारणं वेगवेगळी असतात.

ससूनमध्ये किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात येणाऱ्यांना विमा या शब्दापेक्षा ‘इथे औषध मिळू दे’ हे जास्त हवं असतं. त्यांना एक गोष्ट कुणी समजावलेली नसते आणि तिचा त्यांना फार त्रास होतो: शहरातली सरकारी रुग्णालयं एका मालकाची नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. औंधचं जिल्हा रुग्णालय त्यात येतं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, ते त्या निर्णयात नव्हतं. कमला नेहरू पुणे महापालिकेचं, वायसीएम पिंपरी-चिंचवडचं. त्यामुळे एका ठिकाणी केसपेपरपासून सगळं फुकट आणि दुसऱ्या ठिकाणी खिडकीवर पैसे. माणूस म्हणतो, ‘टीव्हीवर तर सगळं मोफत सांगितलं होतं.’ असा अनुभव आलेला माणूस पुढच्या घोषणेला मान डोलावतो, पण विश्वास ठेवत नाही. विरोध तो कधीच करत नाही. त्याचा विश्वास उडालेला असतो, आणि ते कुठल्याही हो-नाहीच्या प्रश्नात दिसत नाही.

चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटावर असलेल्यांचं बोलणं वेगळं. त्यांना ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, माहीत आहे. महिन्याला एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होतं, आणि त्यात दवाखान्यात बाहेरून तपासून औषध मिळतं, दाखल व्हावं लागत नाही. ईएसआयच्या रांगांबद्दल कितीही तक्रारी असल्या तरी औषध हातात पडतं याची चव ज्यांनी घेतली आहे, ते पालक अगदी नेमकं सांगतात की मुलांच्या विम्यात ओपीडी पाहिजे. त्यांची भीती दुसरी असते: ठेकेदार बदलला, मधे खंड पडला, की मुलाचा उपचार लटकतो. मुलाचा विमा बापाच्या हजेरीपटाला बांधलेला नको, हे मत मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचण्याआधी या लोकांकडून ऐकलं.

हिंजवडी-बाणेर पट्ट्यातल्या, कंपनीची पॉलिसी असलेल्या पालकांना वाटतं की हा प्रश्न आपला नाही. मुलाला जन्मजात काही निघालं किंवा थेरपी लागली की त्यांना कळतं. स्वतः विकत घेतलेल्या बहुतेक पॉलिसींत बाहेरून दिसणारे जन्मजात दोष वगळलेले असतात, ओपीडी नसते, आणि थेरपी तर नसतेच. नोकरी गेली की कंपनीची पॉलिसीही जाते. या वर्गातून जो सूर येतो, ‘आमच्या टॅक्सवर फुकट वाटायचं का’, तो मी रागावून झटकत नाही. तो पैशाचा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. पण त्यांच्यातल्याच एखाद्याचं बाळ अठ्ठावीस आठवड्यांचं जन्मतं, नवजात अतिदक्षता विभागात दोन महिने राहतं, पॉलिसीची रक्कम तिसऱ्या आठवड्यात संपते, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर वर्गणी गोळा करावी लागते. त्या दिवसानंतर त्या सोसायटीत तो सूर ऐकू येत नाही.

चौथे, ज्यांना कुणी विचारतच नाही. वाघोलीच्या, म्हाळुंग्याच्या बांधकामांवरची झारखंड, बिहार, उत्तर कर्नाटकातली कुटुंबं. त्यांच्याकडे गावचं रेशनकार्ड असतं, बाळाचं नाव त्यात नसतं, जन्मदाखला गावी राहिलेला असतो. आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभर चालतं, पण मुलाचं कार्ड काढलेलंच नसतं. योजना वाढली तरी कागदाअभावी पहिली गळती याच मुलांची होते. त्यांचं मत म्हणून काही नोंदच होत नाही.

मत आणि अनुभव यांचं नातं २०२५ च्या जानेवारीत पुण्याने जवळून पाहिलं. सिंहगड रस्त्याला, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात गुलेन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण धडाधड निघाले. त्यात लहान मुलंही होती. हातपाय लुळे पडतात, काहींना व्हेंटिलेटर लागतो, आणि इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शनं लागतात. डोस वजनावर असतो, किलोला एकूण दोन ग्रॅम. वीस किलोच्या मुलाला चाळीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या, आणि एकेक बाटली हजारोंची. त्या आठवड्यात महापालिकेने मदत जाहीर केली, महात्मा फुले योजनेतलं या आजाराचं पॅकेज ऐंशी हजारांवरून एक लाख साठ हजार झालं. तेव्हा ‘ज्यांना परवडतं त्यांना कशाला’ असं मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलं नाही. संशय पाण्यावर होता, आणि बंगल्यातलं मूल आणि चाळीतलं मूल त्याच भागातलं पाणी पीत होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पोलिओच्या बूथवरही आपण कधी कुणाचं रेशनकार्ड पाहिलं नाही. धोका सगळ्यांच्या दाराशी आला की पुणेकर सरसकट योजनेला पाठिंबा देतो. दम्याचं आणि मधुमेहाचं मूल एकेका घरात असतं, म्हणून तिथे तो पाठिंबा गप्प राहतो.

अमेरिकेबद्दल विचारलंत. तिथे १९९७ मध्ये मुलांसाठी वेगळी योजना आली, गरिबांच्या मेडिकेडमध्ये बसत नाहीत पण खासगी विमा परवडत नाही अशा घरांतल्या मुलांसाठी. २००७ मध्ये ती वाढवायचं विधेयक संसदेने मंजूर केलं आणि अध्यक्ष बुश यांनी ऑक्टोबरमध्ये व डिसेंबरमध्ये असं दोनदा नकाराधिकार वापरून अडवलं. शेवटी ४ फेब्रुवारी २००९ ला ओबामांनी सही केली, आणि पैसा उभा केला सिगारेटवरचा कर पाकिटामागे ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंट करून. त्या काळातल्या पाहण्यांत बहुसंख्य लोक योजना वाढवण्याच्या बाजूने होते. आणि त्याच लोकांना ‘यामुळे मध्यमवर्ग खासगी विमा सोडून सरकारी घेईल याची काळजी वाटते का’ असं विचारलं तर तिथेही बऱ्याच जणांनी हो म्हटलं. दोन्ही उत्तरं प्रामाणिक होती. माणूस मुलांच्या बाजूने असतो आणि पैसा वाया जाऊ नये असंही त्याला वाटतं. तेव्हा ‘लोक हो म्हणतात’ एवढ्यावर अवलंबून राहू नका. खर्च कोण देणार हे सांगून पुन्हा विचारा. त्यांची योजना जशीच्या तशी इथे चालणार नाही, कारण तिथे विम्यातच डॉक्टरची भेट आणि औषध येतं. आपला विमा वॉर्डाच्या दारातून सुरू होतो. व्हिएतनामचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे: तिथे सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा विम्याचा हप्ता सरकार भरतं, घरची मिळकत न विचारता.

मग होत का नाही? पहिलं कारण उघड आहे, मुलांना मत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मानमध्ये घेतलं. चांगला निर्णय, वॉर्डाबाहेर बसलेल्या कितीतरी आजी-आजोबांना त्याचा आधार वाटतो. पण उत्पन्न न विचारता एका वयोगटाला घेता येतं हे त्यातून सिद्ध झालं, आणि देशपातळीवर तोच न्याय सहा वर्षांखालच्या मुलांना लावण्याची मागणी कुणी जोरात केली नाही.

दुसरं कारण पैसा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं; २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात तो १.८४ टक्के होता. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ वर आला, हे चांगलंच आहे. पण या उरलेल्या खर्चात औषधं आणि ओपीडी यांचा भाग मोठा आहे, आणि मुलांचा खर्च नेमका त्यातच आहे.

तिसरं कारण लोकांना कमी दिसतं: रुग्णालयं आणि डॉक्टर. अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळाचा खासगीत दिवसाचा खर्च पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो आणि योजनेचा दर त्याच्या जवळपासही नसतो, असं नवजात शिशू विभागाचे डॉक्टर सांगतात. पैसे उशिरा येतात, बिलांवर क्वेरी, म्हणजे शंका, लागतात. म्हणून चांगली लहान रुग्णालयं योजनेत येत नाहीत किंवा ‘बेड नाही’ म्हणतात. दुसऱ्या बाजूला गैरव्यवहाराची भीतीही खोटी नाही. कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, २०२३ च्या अहवालात साडेसात लाखांच्या आसपास आयुष्मान लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले होते. ओपीडी विम्यात घेतली तर खोटी बिलं येतील, असं अधिकारी म्हणतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात तथ्य असतं.

म्हणूनच ओपीडीचा विमा सगळ्या खासगी दवाखान्यांना एकदम उघडा करावा, असं मी म्हणत नाही. ठरावीक जुनाट आजारांची मुलं नोंदवावीत: टाइप वन मधुमेह, फिट्स, दमा, थॅलेसेमिया, विकासातल्या अडचणी. त्यांचं औषध, पट्ट्या, तपासण्या आणि थेरपी त्यांच्या जवळच्या महापालिका दवाखान्यातून दर महिन्याला मिळावीत. मुलं ओळखून काढणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. भोर-वेल्ह्याच्या वाडीतल्या मुलाच्या हृदयातला सदोष आवाज याच पथकातल्या डॉक्टरने ऐकलेला असतो आणि पुढे शस्त्रक्रिया मोफत होते. त्या भागात जाऊन योजनेबद्दल विचारा. लोक आकडे सांगणार नाहीत, कुणाच्या मुलाचं ऑपरेशन झालं ते नावानिशी सांगतील. तिथला ‘हो’ अनुभवाचा आहे.

तुम्ही लोकांना विचारणार असाल तर ‘विमा वाढवावा का’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा, गेल्या तीन महिन्यांत मुलावर कशाकशाचा खर्च झाला: फी, औषध, तपासणी, रिक्षा, बुडालेला रोज. पैसे कुठून आणले तेही विचारा. शक्यतो आईला विचारा, कारण वडिलांना दाखल केल्याचं बिल आठवतं आणि आईला औषधांचं.

आता ज्यांच्या घरी आजारी मूल आहे त्यांच्यासाठी. मुलाचं नाव रेशनकार्डात आजच घाला, जन्मदाखला आणि आधार हाताशी ठेवा. तान्हं बाळ असेल आणि नाव कार्डात नसेल तरी जन्मदाखला आणि आईवडिलांच्या कागदांवर योजनेत घेता येतं. नाही म्हटलं तर आरोग्यमित्राला विचारा, नाहीतर योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर फोन करा. योजनेत न बसणारा उपचार असेल तर धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर मोफत आणि तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर सवलतीत उपचार देण्यासाठी या रुग्णालयांना दहा-दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. दाखल करतानाच सांगा, बिल झाल्यावर नको. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो, तो आधीच काढून ठेवा.

आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आणि त्यात ओपीडी आणि थेरपीसुद्धा बसते. आधी पैसे भरून पावत्या पाठवाव्या लागतात, म्हणून प्रत्येक सेशनची सही-शिक्क्याची पावती घ्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. नूतनीकरणाची तारीख चुकू देऊ नका, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.